एल्व्हिस प्रेस्ली : गायक एक, चरित्रं अनेक



मराठीच्या पाठ्यपुस्तकात एखादा तरी चरित्रपर पाठ असतोच. त्याचा साचा बहुतेक वेळा ठरलेला असतो. जन्म, गरिबी, कष्ट, यश, मानसन्मान आणि शेवटच्या ओळीत निधन. मुलं तो पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. पण एकाच माणसाची तीन-चार चरित्रं लागोपाठ वाचली की लक्षात येतं, आयुष्य असं सरळ चढत जात नाही. आणि लिहिणारे सगळे एकच गोष्ट सांगत नाहीत.

आज आपण अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्ली याचं आयुष्य बघूया. आपल्याकडे शम्मी कपूरला भारताचा एल्व्हिस म्हणायचे, तो हाच एल्व्हिस. त्याच्यावर ढीगभर पुस्तकं निघाली आहेत. जेरी हॉपकिन्स यांचं १९७१ चं चरित्र तो जिवंत असतानाच आलं. १९७७ मध्ये त्याच्या माजी अंगरक्षकांचं पुस्तक आलं. १९८१ मध्ये अल्बर्ट गोल्डमन यांचं, १९८५ मध्ये इलेन डंडी यांचं आणि त्याच वर्षी त्याची पूर्वीची पत्नी प्रिसिला हिचं. पीटर गुरालनिक यांनी १९९४ आणि १९९९ असे दोन जाडजूड खंड लिहिले. या पुस्तकांतला एल्व्हिस प्रत्येक वेळी थोडा वेगळा दिसतो. तो का वेगळा दिसतो, हे आपण शिक्षकांनी समजून घेण्यासारखं आहे.

दोन खोल्यांचं घर

८ जानेवारी १९३५. मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावात एका लाकडी घरात एल्व्हिसचा जन्म झाला. एकामागे एक अशा दोनच खोल्या. वडील व्हर्नन यांनी ऑर्व्हिल बीन नावाच्या जमीनमालकाकडून १८० डॉलर उसने घेऊन ते घर उभं केलं होतं. एल्व्हिस जुळ्यांपैकी दुसरा. आधी जन्मलेला भाऊ मृतच जन्माला आला. त्यामुळे आई ग्लॅडिस यांचा सगळा जीव या एका मुलात गुंतला. इलेन डंडी यांनी टुपेलोत राहून माहिती गोळा केली आणि मायलेकाच्या या नात्यावरच आपलं पुस्तक उभं केलं.

एल्व्हिस जेमतेम तीन वर्षांचा असताना घरावर मोठं संकट आलं. व्हर्नन यांनी बीन यांना एक डुक्कर विकलं होतं. मिळालेला चेक त्यांना फार कमी रकमेचा वाटला, म्हणून त्यांनी आणि दोन साथीदारांनी त्यात खाडाखोड केली. तीन वर्षांची शिक्षा झाली. सुमारे आठ महिन्यांनी ते सुटले, पण तोवर घर हातचं गेलं होतं. मायलेक नातेवाइकांकडे राहत होते. पुढे वर्षानुवर्षं या कुटुंबाने भाड्याच्या घरांतून दिवस काढले.

आपल्या वर्गातही अशी मुलं असतात. वडील तुरुंगात, कर्जापायी घर गेलेलं, दर वर्षी बदलणारा पत्ता. हजेरीपटावर यातलं काही दिसत नाही.

ग्राइम्स बाई

एल्व्हिस पाचवीत असताना त्याच्या वर्गशिक्षिका होत्या ओलेटा ग्राइम्स. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं, की हा लाजाळू मुलगा गातो छान. त्यांनी त्याला थेट मुख्याध्यापक जे. डी. कोल यांच्याकडे नेलं. कोल सरांनी त्याचं गाणं ऐकलं आणि टुपेलोच्या वार्षिक जत्रेतल्या मुलांच्या गायन स्पर्धेत त्याचं नाव घातलं.

३ ऑक्टोबर १९४५ रोजी दहा वर्षांचा एल्व्हिस जत्रेत गायला. माइकपर्यंत तोंड पोचत नव्हतं म्हणून खुर्चीवर उभा राहिला. हातात वाद्य नाही, मागे साथ नाही. एका इमानी कुत्र्याबद्दलचं 'ओल्ड शेप' हे गाणं त्याने म्हटलं. अनेक जुन्या पुस्तकांत त्याचा दुसरा नंबर आल्याचं लिहिलंय. खुद्द एल्व्हिसला मात्र पाचवा आठवत होता. मोठा माणूस लहानपणीही पहिला-दुसराच आला असणार, असं आपल्याला वाटतं आणि नंबर आपोआप वर सरकतो. त्या दिवशी जो पहिला आला असेल, त्याचं नाव आज कोणाच्या तोंडी नाही.

आता यातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. या ग्राइम्स बाई म्हणजे ऑर्व्हिल बीन यांची मुलगी. ज्या माणसाच्या चेकपायी एल्व्हिसचे वडील तुरुंगात गेले, त्याच माणसाच्या मुलीने एल्व्हिसचा आवाज ओळखला. गाव लहान होतं, दोन्ही घरं काही काळ जवळजवळ होती. या मुलाचा बाप कोण आणि त्याने काय केलं, हे बाईंना ठाऊक असणारच. तरी त्यांनी त्याच्याकडे फक्त वर्गातला एक विद्यार्थी म्हणून पाहिलं. बहुतेक छोट्या चरित्रांत बाईंचं नाव एका ओळीत येतं, आणि हे नातं तर येतच नाही.

पुढच्या वाढदिवसाला त्याला गिटार मिळाली. कुठे म्हटलंय त्याला सायकल हवी होती, कुठे बंदूक. आईने गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून गिटार घेऊन दिली, एवढं मात्र सगळीकडे आहे. काका आणि चर्चचे पाद्री यांच्याकडून तो थोडं वाजवायला शिकला. बाकी शिकणं रेडिओवरून आणि चर्चमधल्या गाण्यांतून झालं.

संगीतात 'क' श्रेणी

नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रेस्ली कुटुंब कामाच्या शोधात मेम्फिस शहरात आलं. नंतर त्यांना गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी वसाहतीत जागा मिळाली. एल्व्हिस ह्यूम्स हायस्कूलमध्ये जाऊ लागला.

इथे त्याला संगीतात 'क' श्रेणी मिळाली. वर्गातल्या एका मुलीने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, तुला गाता येत नाही असं बाईंनी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन आला आणि त्याने वर्गात गाऊन दाखवलं. तुम्हाला माझ्या पद्धतीचं गाणं आवडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बाईंनीही ते मान्य केलं.

हा प्रसंग सांगताना त्या बाईंना हसणं सोपं आहे. पण त्यांच्यासमोर जो अभ्यासक्रम होता, त्यात बसवलेला सूर आणि समूहगान होतं. या मुलाच्या कानात मेम्फिसचा रेडिओ होता. त्यात कृष्णवर्णीयांचं ब्लूज, गोऱ्यांचं कंट्री आणि चर्चचं गॉस्पेल असं सगळं एकत्र वाजत होतं. या मिश्रणाला श्रेणी द्यायला रकानाच नव्हता. आपणही वर्णनात्मक नोंदी लिहितो तेव्हा हा प्रश्न पडायला हवा. मुलाला येत नाही, की आपल्या रकान्यात बसत नाही?

१९५३ च्या वसंतात शाळेच्या कार्यक्रमात तो गायला आणि तेव्हा कुठे मुलं त्याला ओळखू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये शालेय शिक्षण पूर्ण झालं. मग कारखान्यात काम, पुढे एका इलेक्ट्रिक कंपनीच्या ट्रकवर ड्रायव्हर.

चार डॉलरची तबकडी

मेम्फिसला सॅम फिलिप्स यांचा छोटा स्टुडिओ होता. तिथे पैसे भरून कोणालाही आपली तबकडी करून घेता यायची. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिसने सुमारे चार डॉलर भरून दोन गाणी रेकॉर्ड केली. आईच्या वाढदिवसाला भेट देण्यासाठी त्याने ती केली, अशी गोड गोष्ट बऱ्याच पुस्तकांत आहे.

पण आईचा वाढदिवस २५ एप्रिलला. तबकडी झाली उन्हाळ्यात. तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट डळमळते. त्याला बहुधा आपला आवाज ऐकायचा होता आणि कोणीतरी आपल्याला ऐकावं असंही वाटत होतं. हे सांगायला लाज वाटत असेल, म्हणून आईचं नाव पुढे केलं असावं. मला ही दुसरी गोष्ट जास्त खरी आणि जास्त जवळची वाटते. स्नेहसंमेलनात नाव द्यायचंय पण सांगता येत नाही, म्हणून ऑफिसच्या दाराशी उगीच घुटमळणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

स्टुडिओत काम करणाऱ्या मॅरियन किस्कर यांनी त्याचं नाव लिहून ठेवलं. तरी बोलावणं यायला जवळजवळ वर्ष गेलं. ५ जुलै १९५४ ला गिटारवादक स्कॉटी मूर आणि बास वाजवणारे बिल ब्लॅक यांच्याबरोबर रेकॉर्डिंग सुरू झालं. काही जमेना. मधल्या सुट्टीत एल्व्हिस गंमत म्हणून 'दॅट्स ऑल राइट' हे जुनं ब्लूज गाणं उड्या मारत गायला लागला. बाकी दोघांनी साथ धरली. सॅम फिलिप्स यांनी ते ऐकलं आणि लगेच रेकॉर्ड केलं. तिथून सगळं सुरू झालं.

शाळेचं नाव का विचारलं?

काही दिवसांतच ते गाणं मेम्फिसच्या रेडिओवर लागलं. लोकांचे फोन येऊ लागले. निवेदक ड्यूई फिलिप्स यांनी एल्व्हिसला बोलावून घेतलं आणि बोलता बोलता तो कोणत्या शाळेत शिकला ते विचारलं. एल्व्हिसने ह्यूम्स सांगितलं. तेव्हा गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या. ही विभागणी घटनाबाह्य असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, मे १९५४ मध्ये आला होता. शाळेचं नाव कळताच श्रोत्यांना समजलं, की हा आवाज गोऱ्या मुलाचा आहे. आपल्याकडे नाव सांगितल्यावर पूर्ण नाव काय, असं विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

ते गाणं मुळात आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचं. त्यांनी ते १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. एल्व्हिस त्यांना मानत असे. पण गाण्यावर झालेल्या कमाईतला न्याय्य वाटा क्रडप यांना मिळाला नाही. शेतमजुरी करत आयुष्य गेलं आणि १९७४ मध्ये ते वारले. एल्व्हिसचं चरित्र शिकवायचं तर क्रडप यांचं नाव फळ्यावर लिहायलाच हवं.

याच संदर्भात आणखी एक प्रसंग. एल्व्हिस कृष्णवर्णीयांबद्दल वाईट बोलला अशी अफवा १९५७ मध्ये पसरली. जेट या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने आपला वार्ताहर पाठवला. त्याने एल्व्हिसला गाठलं, त्याला ओळखणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांशी बोलला आणि अफवेला आधार नसल्याचं छापलं. आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी काय करायचं असतं, याचं हे जुनं पण चांगलं उदाहरण आहे.

कर्नल आणि कीर्ती

१९५५ च्या अखेरीस आरसीए कंपनीने त्याचा करार सन रेकॉर्ड्सकडून ३५,००० डॉलरला विकत घेतला. ९ सप्टेंबर १९५६ ला एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात तो गायला, तेव्हा सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिलं. त्याच्या नाचण्यावर आईवडील, पाद्री, वर्तमानपत्रं सगळे तुटून पडले. जानेवारी १९५७ मध्ये त्याच कार्यक्रमात त्याला फक्त कमरेच्या वर दाखवलं गेलं. त्याच वर्षी त्याने मेम्फिसचं ग्रेसलँड हे मोठं घर विकत घेतलं आणि आईवडिलांना तिथे नेलं. टुपेलोच्या ज्या जत्रेत खुर्चीवर उभा राहून गायला होता, तिथेही तो पुन्हा जाऊन गायला.

या सगळ्यामागे व्यवस्थापक होते कर्नल टॉम पार्कर. कर्नल ही नुसती मानद पदवी. हा माणूस मुळात नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावचा, खरं नाव वेगळं, आणि अमेरिकेत कागदपत्रांशिवाय आलेला. एल्व्हिसने कॅनडा सोडला तर परदेशात एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. पार्कर यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, हे त्यामागचं एक कारण चरित्रकार देतात. पार्कर यांनी एल्व्हिसला श्रीमंत केलं हे खरं. पण पुढे काही मिळकतीत त्यांचा वाटा थेट निम्म्यावर गेला. एल्व्हिसच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलीच्या हितासाठी न्यायालयाने नेमलेल्या वकिलाने हा वाटा अवाजवी ठरवला.

आई गेली

मार्च १९५८ मध्ये एल्व्हिस सैन्यात भरती झाला. साध्या सैनिकासारखी नोकरी त्याने केली. १४ ऑगस्ट १९५८ ला आई वारली, अवघ्या ४६ व्या वर्षी. सगळी चरित्रं एका गोष्टीवर एकमत आहेत, की या धक्क्यातून तो पूर्ण सावरला नाही.

सैन्यातून १९६० मध्ये परतल्यावर सिनेमे पुन्हा सुरू झाले. एकूण ३१ कथापट. वर्षाला तीन-तीन. पैसे भरपूर, पण गोष्टी आणि गाणी एकाच छापाची. त्याला गंभीर भूमिका हव्या होत्या. त्याने ठामपणे नकार दिला नाही आणि त्याच्या बाजूने बोलणारंही कोणी नव्हतं.

१९६८ मध्ये टीव्हीवरच्या एका खास कार्यक्रमात पार्कर यांना नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर अडून बसले. या वेळी एल्व्हिसही त्यांच्या बाजूने उभा राहिला. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच्याच मेम्फिस शहरात झाली होती. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं त्या पार्श्वभूमीवर नव्याने लिहून घेतलं गेलं. तो कार्यक्रम आजही त्याच्या उत्तम कामांत धरतात.

शेवटची वर्षं

१९६९ पासून लास वेगासच्या हॉटेलात त्याचे कार्यक्रम सुरू झाले. सात-आठ वर्षांत तिथे सहाशेहून जास्त प्रयोग झाले. शिवाय गावोगावचे दौरे. १४ जानेवारी १९७३ चा हवाईचा कार्यक्रम उपग्रहाद्वारे अनेक देशांत दिसला. तो दीडशे कोटी लोकांनी पाहिला असं पुष्कळ ठिकाणी छापलंय. पण तेव्हा जगाची लोकसंख्याच सुमारे ३९० कोटी होती, आणि खुद्द अमेरिकेत तो कार्यक्रम एप्रिलपर्यंत दाखवला नव्हता. प्रसिद्धीसाठी दिलेला आकडा पुस्तकात गेला, एका पुस्तकातून दुसऱ्यात गेला, आणि माहिती म्हणून पक्का झाला.

त्याच वर्षी प्रिसिलाशी घटस्फोट झाला. झोपेच्या, वेदनेच्या आणि जागं राहण्याच्या गोळ्यांची सवय आधीपासूनच होती. ती आता हाताबाहेर गेली. या गोळ्या कोपऱ्यावर लपूनछपून घेतलेल्या नव्हत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येत होत्या, त्यामुळे आपण व्यसनी आहोत हे त्याला स्वतःला पटत नव्हतं. वजन वाढलं, गाताना शब्द विसरू लागले. तरी दौरे थांबले नाहीत, कारण त्याच्या गाण्यावर फार जणांची पोटं होती. भोवतालचे बरेच जण त्याचे पगारी नोकर किंवा नातेवाईक होते. जे खटकून बोलायचे त्यांना निघावं लागलं.

१६ ऑगस्ट १९७७ ला ग्रेसलँडमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ४२. कारण हृदयविकार असं जाहीर झालं, पण शरीरात अनेक औषधांचे अंश सापडले. त्याच्या डॉक्टरांवर खटला झाला, त्यातून ते सुटले. १९९० च्या दशकात मात्र त्यांचा परवाना रद्द झाला.

कोणी लिहिलं, कधी लिहिलं

आता पुस्तकांकडे परत येऊ. अंगरक्षकांचं पुस्तक मृत्यूच्या आधी जेमतेम दोन आठवडे बाजारात आलं. त्यांना नोकरीवरून काढलेलं होतं, म्हणजे राग होता. पण गोळ्यांबद्दल त्यांनी लिहिलेलं बरंच खरं निघालं. राग असलेला माणूस खोटंच बोलतो असं नाही. गोल्डमन यांनी खूप माहिती जमवली, पण गरीब दक्षिणी कुटुंबाबद्दलची तुच्छता पानापानावर जाणवते. भरपूर माहिती असली म्हणजे न्याय होतोच असंही नाही. प्रिसिलाचं पुस्तक घरातल्या माणसाचं, म्हणून आतलं दाखवणारं, आणि म्हणूनच एका बाजूचं. गुरालनिक यांनी अनेक जणांना भेटून, तारखा जुळवून, निवाडा न देता लिहिलं. त्यांच्या दोन खंडांची वाटणीच बोलकी आहे. पहिला खंड चढणीचा, दुसरा उतरणीचा.

आपण मुलांना बहुतेक वेळा पहिला खंडच सांगतो. दुसरा सांगायला आपल्याला भीती वाटते. पण वर्गातल्या कितीतरी मुलांनी घरात किंवा शेजारी व्यसन पाहिलेलं असतं. थोर माणसांच्या आयुष्यात असलं काही नसतंच, असं आपण भासवलं, तर ती मुलं एवढंच शिकतात, की हे फक्त आपल्याच घरात आहे आणि ते लपवायचं असतं. म्हणून वयाला झेपेल एवढंच, पण दुसरा खंडही सांगावा. एल्व्हिसला दहाव्या वर्षी ओळखणाऱ्या बाई भेटल्या. चाळिशीत त्याला थांबवणारं, आणि ज्याचं तो ऐकेल असं माणूस जवळ उरलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातून मी तरी हेच घेतलं.

वर्गात काय करता येईल?

१) एकाच व्यक्तीबद्दलचे दोन छोटे उतारे द्या. सारखं काय, वेगळं काय, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. गावातल्याच एखाद्या दिवंगत व्यक्तीबद्दल दोन घरांत विचारून आलं तरी चालेल.

२) तबकडीचा प्रसंग सांगा, आईचा वाढदिवस सांगा, आणि गोष्ट जुळते का ते मुलांनाच शोधू द्या. चौथी-पाचवीची मुलं हे सहज पकडतील.

३) दीडशे कोटी आणि ३९० कोटी हे दोन आकडे गणिताच्या तासाला घ्या. दर शंभरांत किती माणसं झाली? हे शक्य वाटतं का?

४) चरित्रपर पाठ शिकवल्यावर नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. या माणसाला सगळ्यात आधी कोणी ओळखलं? आणि तो अडचणीत असताना त्याच्याजवळ कोण होतं?

पालकांनाही हे शेवटचे दोन प्रश्न घरी विचारता येतील. उत्तर एल्व्हिसबद्दल असो की शेजारच्या काकांबद्दल, मुलं जे बोलतील ते मध्ये न थांबवता शेवटपर्यंत ऐकून घ्या.